पिल्लाचे दात आणि फिरायला नेल्यावरची शी-शू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चार पिल्लं मोठी झाली. एक लॅब्रॅडॉर, दोन गावठी आणि भावाची बदली झाल्यावर आमच्याकडेच राहिलेलं एक पॉमेरेनियन. मी डॉक्टर नाही. पण सोसायटीत कुणी पिल्लू आणलं की आठवड्याभरात आमची बेल वाजते आणि प्रश्न दोनच टोकांचे असतात, तोंडाकडचे नाहीतर शेपटीकडचे. दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं : रोज, ठरलेल्या वेळी, दोन-पाच मिनिटं, आणि आवाज न चढवता. बाकी तपशील खाली.

पिल्लू दोन महिन्यांचं आहे. रस्त्यावर फिरायला कधीपासून न्यायचं?

लसींचे डोस पूर्ण झाल्यावर. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस सुरू होतात आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास येतो. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. शेवटच्या डोसनंतर आठ-पंधरा दिवस थांबून मग खाली उतरवायचं. हा वेळकाढूपणा नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि आपल्या गल्लीत कोणतं कुत्रं कुठे बसून गेलं याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

पण म्हणून पिल्लाला चार भिंतींत कोंडू नका. कडेवर घेऊन खाली जा. रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, शाळेची बस, भाजीवाल्याची हाळी हे सगळं त्याने याच वयात ऐकायला हवं. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे ओळखीचं होतं, त्याची भीती पुढे सहसा बसत नाही.

मग तोवर शी-शू कुठे करायला लावायची?

बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये, जागा एकच ठरवून. वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या पसरा. रविवारच्या पुरवण्या यासाठी उत्तम, कागद जाड असतो. पिल्लू कागदावर जायला लागलं की कागद दोन-दोन दिवसांनी दाराच्या दिशेने सरकवायचा. बाहेर न्यायला लागाल त्या दिवशी वासाचा एक तुकडा पिशवीत घालून खाली न्या आणि ठरवलेल्या झाडाखाली ठेवा. शेजारी बघतात, बघू द्या. पिल्लाला तो वास म्हणजे पाटीच असते : ‘इथे चालेल.’

किती वेळाने न्यायचं?

ढोबळ हिशेब असा : जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर चार तास धरेल. पण हा आकडा वरच्या मर्यादेचा आहे, वेळापत्रकाचा नाही. खरी घाई चार वेळांना होते : झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर दहा ते तीस मिनिटांत, मस्ती करून झाल्यावर, आणि घरात पाहुणे आल्यावर. पाहुण्यांचं कुठे लिहिलेलं नसतं, पण आमच्या चिंगीने तीन महिने प्रत्येक पाहुण्याच्या चपलेवर याचा दाखला दिला.

बाराव्या-चौदाव्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्टमध्ये पिल्लाला उचलून घ्या. लिफ्ट येईपर्यंतचा वेळ त्याच्या मूत्राशयाला परवडत नाही.

अर्धा तास खाली फिरवलं, काही केलं नाही. वर आलो आणि पायपुसण्यावर! हा मुद्दाम करतो का?

नाही. आपणच शिकवलेलं असतं. बहुतेक जण काय करतात बघा : खाली जातात, पिल्लू शू करतं, आपलं काम झालं म्हणून लगेच वर. चार दिवसांत पिल्लाच्या डोक्यात पक्कं बसतं की शू केली की मजा संपते. मग ते धरून ठेवतं. घरी आल्यावर ओळखीची, शांत जागा मिळते आणि सुटतं.

उलटं करा. खाली उतरल्यावर फिरायचं नाही. ठरलेल्या जागी जाऊन खांबासारखं उभं राहायचं. पट्टा दोन हातांचा, मोबाईल खिशात. पिल्लू हुंगेल, बसेल, तुमच्या बुटाची नाडी ओढेल, वर तोंड करून बघेल. बोलू नका. पाच-सात मिनिटं जातात. मग एकदम नाक जमिनीला लावून चालणं बदलतं, पाठ थोडी कमानीसारखी होते. झालं की लगेच, म्हणजे दोन-तीन सेकंदांत, खिशातला उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आणि *आता* फिरायला. फेरी हेच खरं बक्षीस.

दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर वर या, पण पिल्लाला मोकळं सोडू नका. पट्ट्यासकट मांडीवर किंवा जवळ ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. पहिला आठवडा जिने चढून पाय दुखतात, हे खरं आहे.

एखादा शब्द शिकवावा का?

जरूर. ती क्रिया सुरू असताना हळू आवाजात एकच शब्द म्हणत राहा, काही आठवड्यांत तो ऐकला की कुत्रं जागा शोधायला लागतं. फक्त शब्द निवडताना लक्षात ठेवा की तो तुम्हाला सकाळी सहाला, शेजारच्या काकूंसमोर, पुढची दहा वर्षं म्हणायचा आहे. आमच्याकडे ‘चला आटपा’ आहे. दुसऱ्या विंगमध्ये एक जण ‘जय हो’ म्हणतात.

घरात केली तर नाक घासावं का? वडीलधारे सांगतात.

अजिबात नको. पिल्लाला एवढंच कळतं की *माणसासमोर* शी-शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जातं आणि बाहेर तुम्ही पट्टा धरून समोर उभे असताना करत नाही. करताना पकडलंत तर टाळी वाजवून थांबवा, उचला, जागेवर न्या. नंतर सापडलं तर मुकाट्याने पुसा.

पुसताना नुसतं फिनेल पुरत नाही. आपल्याला फिनेलचा वास येतो, पिल्लाला त्याखालचा शूचा वास येतच राहतो. शिवाय ओल्या फरशीवर चालून ते पंजे चाटतं, आणि फिनेल पोटात जाणं चांगलं नाही. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. टाईल्सच्या सांध्यांवर जास्त.

शी करण्याआधी गोल गोल का फिरतं?

वास घेऊन जागा पक्की करतं, आजूबाजूचा अंदाज घेतं. याबाबत एक गमतीचं संशोधन आहे. झेक आणि जर्मन संशोधकांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांना दोन वर्षं पाहिलं आणि २०१३ मध्ये लिहिलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शी करताना अंग उत्तर-दक्षिण ठेवणं पसंत करतात. २०१४ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस, मिळालं. मी होकायंत्र घेऊन चिंगीमागे फिरलो नाही, पण मोह झाला होता.

झाल्यावर मागच्या पायांनी माती उडवणं म्हणजे मांजरासारखं झाकणं नव्हे. पंजांत वासाच्या ग्रंथी असतात, ती सही आहे.

दात कधी येतात, कधी पडतात?

पिल्लू जन्मतं ते बोळकं घेऊन. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटतात आणि दोन महिन्यांच्या आत २८ पूर्ण होतात. साडेतीन-चार महिन्यांपासून पुढचे पटाशीचे दात पडायला लागतात, मग सुळे, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात : वर २०, खाली २२.

या काळात खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसेल, तोंडाला थोडा लोखंडासारखा वास येईल, एखाद्या दिवशी खाणं कमी होईल. घाबरू नका. बहुतेक दात पिल्लू गिळून टाकतं, त्याने काही होत नाही. आमच्या लॅबचा एक सुळा देवघरातल्या पाटाच्या पायात रुतलेला सापडला, तांदळाच्या लांब दाण्याएवढा, सुईसारखा टोकदार. आईने तो कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलाय.

सारखं हाताला चावतं. दात येतायत म्हणून?

थोडं त्यामुळे, बरंचसं खेळ म्हणून. हात झटक्याने मागे ओढू नका, हलणारी वस्तू म्हणजे शिकार. हात सैल सोडा, खेळ थांबवा, पाठ फिरवा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळा, यावेळी हातात खेळणं घेऊन.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुधाच्या दातांनीही कातडी फाटते. रक्त आलं किंवा ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पिल्लू घरचं आहे, गोड आहे, लहान आहे, या तिन्हींचा रेबीजशी संबंध नाही. रस्त्यावरून उचलून आणलेलं आणि लस न झालेलं असेल तर थेट दवाखाना गाठा.

हिरड्या शिवशिवतात तेव्हा काय द्यावं?

जुना पंचा ओला करून गाठ मारा, फ्रीजरमध्ये ठेवा आणि थंडगार चघळायला द्या, समोर बसून. गाजर गार करून चालतं. रबराची पोकळ खेळणी चांगली, पण आकार असा हवा की अख्खं तोंडात मावणार नाही. निकष सोपा आहे : वस्तूवर अंगठ्याचं नख रोवून बघा. थोडंही दबलं नाही तर ती दातांसाठी फार कडक आहे.

म्हणजे हाडं नाहीत? कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर कुणाला?

शिजवलेलं हाड तर कधीच नाही. त्याचे भाल्यासारखे तुकडे पडतात आणि घशात, आतड्यात अडकतात. दुकानात टांगलेले वाळवलेले खूर आणि शिंगंही मी देत नाही. लॅब दीड वर्षाचा असताना कौतुकाने खूर आणला. तिसऱ्या दिवशी तो एकाच बाजूने खातोय असं वाटलं. ओठ उचलला तर वरच्या मोठ्या दाढेचा पापुद्र्यासारखा टवका उडालेला, मध्ये गुलाबी ठिपका. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. दाढ काढावी लागली, तीही पूर्ण भूल देऊन. खूर साठ रुपयांचा होता.

ब्रश खरंच करायचा? आमच्या गावाकडच्या कुत्र्याला कुणी केला होता?

गावाकडच्या कुत्र्याच्या म्हातारपणी त्याच्या तोंडाजवळ कुणी गेलं होतं का, तेही आठवून बघा. दातांवर मऊ थर रोज बसतो आणि दोन-तीन दिवसांत त्याचं किटण व्हायला लागतं. किटण झालं की ब्रशने निघत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच कुत्र्यांच्या हिरड्या बिघडायला सुरुवात झालेली असते, लहान जातींच्या तर आधीच.

पिल्लूपणी दात स्वच्छ करणं हा हेतूच नाही, ते तर पडणारच आहेत. हेतू हा की तोंडात बोट गेलं तर काही बिघडत नाही हे त्याला कळावं. पहिला आठवडा फक्त ओठ उचला, बक्षीस द्या. दुसरा आठवडा बोटाला मलमलचा ओला तुकडा गुंडाळून बाहेरच्या बाजूने हिरड्यांवर फिरवा, पाच मोजेपर्यंत. मग पेस्टचा थेंब बोटावर चाटायला. मग मऊ ब्रश, लहान मुलांचा चालतो. पक्के दात येत असताना हिरड्या दुखतात, त्या दिवसांत नुसतं पेस्ट चाटवणं पुरे.

जागा महत्त्वाची. समोरून वाकून तोंड धरलं की पिल्लू मागे सरकतं. मी बाथरूममधल्या स्टुलावर बसतो, चिंगी माझ्या पायांत पाठ टेकून बसते, दोघांचं तोंड एकाच दिशेला. डाव्या हाताने ओठ वर. ब्रश हिरडीला तिरका, छोटे गोल. जबडा उघडायची गरज नाही, आतली बाजू जीभ बरीच सांभाळते. सगळ्यात जास्त किटण धरतात त्या वरच्या मागच्या दाढा, गालाच्या आत, म्हणून तिथून सुरुवात करायची. धीर संपला तरी महत्त्वाचं झालेलं असतं. रात्रीच्या शेवटच्या फेरीनंतर दोन मिनिटं. ती आता पट्टा काढला की स्वतःच स्टुलाकडे जाते. ब्रशसाठी नव्हे, चिकनच्या चवीच्या पेस्टसाठी.

आमची पेस्ट चालेल? मीठ-हळद, कडुनिंबाची काडी, लवंगेचं तेल?

माणसांची पेस्ट नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. फ्लोराइड आणि फेस पोटाला बाधतात, आणि काही पेस्टींत झायलिटॉल हा गोडवा असतो. तो कुत्र्यांना विषारी आहे, रक्तातली साखर झटकन उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. शुगर-फ्री च्युइंगममध्येही तोच असतो, म्हणून पर्स जमिनीवर ठेवू नका. मीठ आणि खायचा सोडा पोटात जाणं बरं नाही, लवंगेचं तेल पिल्लाला फार जहाल. कडुनिंबाची काडी चघळताना फुटते आणि टाळूत रुतते. कुत्र्यांची पेस्ट नाही मिळाली तर नुसतं पाणी. काम घासण्याचं असतं, पेस्ट लाडीगोडीसाठी.

शिळी कडक भाकरी खाल्ली की दात साफ होतात म्हणे.

होत नाहीत. कुत्रं ती दोनदा चावून गिळतं. दूध-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटं तर दाढांना चिकटून बसतात, आणि दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. म्हणजे दोन्ही टोकांचा तोटा.

सुळा दुहेरी दिसतोय, शार्कसारखा.

दुधाचा पडायच्या आत पक्का आला. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग अशा लहान जातींत हे नेहमीचं. एका जागी दोन दात नकोत, मधल्या फटीत अन्न साचतं आणि पक्का दात वाकडा येतो. दोन-तीन आठवड्यांत पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आमच्या पॉमचा नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत काढला. स्वतः पकडीने ओढायला जाऊ नका, मूळ लांब असतं आणि आत मोडतं.

दातांवर पिवळे-तपकिरी खड्डे दिसले तर तेही दाखवा. लहानपणी डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार होऊन गेलेल्या पिल्लांच्या दातांचं कवच असं कच्चं राहतं, उचलून आणलेल्या गावठी पिल्लांत हे मी दोनदा पाहिलंय.

फिरताना दिसेल ते तोंडात घालतं. दगड, कोंबडीची हाडं, दुसऱ्याची शी.

दात येण्याच्या वयात हे शिगेला पोहोचतं. तोंडात बोट घालून ओढलंत तर ते घाईने गिळायला शिकतं. घरी ‘सोड’ शिकवा : खेळण्याच्या बदल्यात त्याहून भारी काहीतरी. शंभरदा जमलं की मग रस्त्यावर. तोवर बिर्याणीच्या हातगाड्या आणि चिकनची दुकानं असलेली गल्ली टाळा. दगड चघळायची सवय लागली तर पुढचे दात दोन वर्षांत झिजून सपाट होतात.

शी उचलायची कशी? आणि सोसायटीवाले भांडतात.

वर्तमानपत्राचा चौकोन मागून अलगद सरकवा, वरच्या वर झेला. सरावाने जमतं. नाहीतर हातात पिशवी उलटी घालून उचला. घरी येऊन शी कमोडमध्ये, कागद-पिशवी कचऱ्यात. कुंड्यांत घालू नका. शी उचलणं हा नुसता शिष्टाचार नाही. तिच्यातल्या हुकवर्म या जंतांच्या अळ्या मातीत वाढतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या तळपायांतून आत शिरतात. जंताचं औषधही म्हणूनच वेळच्या वेळी : तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तो कागद माझ्याकडे आहे. पण बाकावरच्या आजोबांना गप्प केलं ते त्या कागदाने नाही, माझ्या हातातल्या पिशवीने.

शीकडे बघून काय ओळखायचं?

बघाच. शेवयांसारखं काही दिसलं तर गोल जंत, तांदळाच्या कण्यांसारखं वळवळलं तर पट्टकृमी, आणि त्यामागे बहुधा पिसवा. डांबरासारखी काळी शी म्हणजे आत रक्तस्राव. दुर्गंधी, पातळ, रक्ताची शी आणि सोबत उलट्या असतील तर सकाळची वाट बघू नका, पार्व्हो असू शकतो. शू गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली, पिल्लू मलूल आहे आणि अंगावर गोचीड सापडली, तर त्याच दिवशी रक्ततपासणी.

पावसात खाली उतरतच नाही.

चिंगीही नाही. पोर्चखाली किंवा पार्किंगच्या कडेला आडोशाची एक जागा जूनच्या आधीच ठरवून तिथे सवय लावा, पहिल्या पावसात शिकवायला जाऊ नका. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, आणि तो माणसांनाही होतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. उन्हाळ्यात उलट काळजी : डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही नाही.

नर पिल्लू पाय कधी वर करतं?

सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. मग एका फेरीत वीस ठिकाणी थेंब-थेंब. ती गरज नसते, निरोप असतात. गाड्यांची चाकं, रांगोळी आणि तुळस यांच्याजवळून पट्टा आखूड धरून पुढे चला, आणि ठरलेल्या दोन-तीन झाडांवर मोकळीक द्या. मादी पिल्लू मात्र वारंवार बसतंय आणि थेंबच येतोय, तर ते निरोप नाहीत, लघवीचा संसर्ग असू शकतो.

डॉक्टरांनी शीचा नमुना मागितलाय. कसा न्यायचा?

त्याच सकाळची, सुपारीएवढी, मातीला न लागलेली. झाकणाच्या स्वच्छ डबीत. नेईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावी लागली तर डबी दोन पिशव्यांत बांधा आणि वर ठळक अक्षरांत लिहा. आमच्याकडे एकदा लिहायचं राहिलं होतं, आणि सासूबाईंना वाटलं खजुराची चटणी आहे. झाकण उघडेपर्यंतच वाटलं.